मानपाडा, मंडई आणि माती

ठाणे जिल्ह्याच्या नकाशात मानपाडा हे नाव दोन ठिकाणी सापडते. एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यालगत. दोन्ही नावांतला 'पाडा' हा शब्द सांगतो की इथे एके काळी लहानशी वस्ती होती आणि वस्तीभोवती शेती होती. आज ठाण्याच्या मानपाड्यात एका अंगाला डोंगरावरची झाडी आणि दुसऱ्या अंगाला उंचच उंच इमारती दिसतात. डोंबिवलीच्या मानपाड्याजवळ १९६० च्या दशकात आलेली औद्योगिक वसाहत आहे. तिथून निळजे, काटई, खोणीकडे जावे तर नवी शहरे उभी राहिलेली आहेत, आणि मध्येच कुठेतरी दोन इमारतींच्या फटीत, बांध अजून शाबूत असलेले एखादे भाताचे खाचर.

अशा खाचराकडे पाहून एक साधा प्रश्न पडतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून तयार केलेली जमीन, आणि पाच-सात किलोमीटरवर कल्याणसारखी मोठी बाजारपेठ. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाखांवर आणि ठाण्याची १८ लाखांवर होती, म्हणजे खाणारी तोंडे दाराशीच. शेती फायद्यात यायला आणखी काय हवे? तरीही इथली शेती मागे हटली. मुरबाड-शहापूरची, म्हणजे बाजारापासून तीस-चाळीस किलोमीटर आतली शेती मात्र अजून उभी आहे. हे उलटेच नाही का झाले?

या कोड्याचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे अर्थशास्त्र, थोडे वनस्पतिशास्त्र आणि थोडे मृदाशास्त्र लागणार आहे. वर्गात हे विषय वेगवेगळ्या तासांना येतात. शेतावर ते एकाच वेळी येतात.

सुरुवात दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन शेतकऱ्यापासून करू. योहान हाइनरिश फॉन थ्यूनन (१७८३-१८५०) याने १८१० साली उत्तर जर्मनीत टेलो नावाची शेतवाडी विकत घेतली आणि तिचे हिशेब वर्षानुवर्षे बारकाईने लिहून ठेवले. कुठले पीक किती आले, बाजारात न्यायला घोडागाडीला किती खर्च आला, वाटेत घोड्यांनीच किती दाणा खाल्ला, सगळे. त्या हिशेबांच्या आधाराने १८२६ साली त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने एक कल्पनेतले राज्य मांडले: सपाट मैदान, सगळीकडे सारखी जमीन, मधोमध एकच शहर. अशा राज्यात शहराभोवती पिकांची कडी तयार होतील असे त्याने दाखवले. शहराला लागून भाजीपाला आणि दूध. त्यापलीकडे जंगल, कारण सरपण आणि लाकूड जड असते आणि तेव्हा ते रोज लागत असे. त्यापलीकडे धान्य, आणि सर्वांत दूर गुरे, कारण गुरे स्वतःच्या पायांनी चालत बाजारात येतात.

आपल्याकडे हे अगदी अपरिचित नाही. वसईची भाजी, फुले आणि केळी मुंबईला जात. त्यापलीकडच्या पट्ट्यातले वाळलेले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. जंगलातून कोळसा आणि सरपण येई. थ्यूननची कडी मुंबईभोवती अशी समुद्राने अर्धी कापलेली, पण ओळखू येण्याजोगी होती.

कडी का तयार होतात हे मुलांना आलेखाने सहज दाखवता येते. आकडे आपण केवळ हिशेबासाठी मानून घेऊ. एका एकरात ४,००० किलो पालेभाजी निघते, बाजारात किलोला १० रुपये मिळतात आणि पिकवायला किलोमागे ५ रुपये लागतात. शेत बाजाराला लागूनच असेल तर शिल्लक २०,००० रुपये. आता पालेभाजी जागा फार व्यापते, दबली की खराब होते, रोज न्यावी लागते. म्हणून तिची वाहतूक किलोला दर किलोमीटरमागे ५ पैसे धरू. दर किलोमीटरला शिल्लक २०० रुपयांनी घटते आणि १०० किलोमीटरवर शून्य होते. शेजारच्या एकरात १,००० किलो भात निघतो, भाव २३ रुपये, खर्च १५ रुपये. बाजाराला लागून शिल्लक ८,००० रुपये. भाताचे पोते दबत नाही, सडत नाही. वाहतूक दर किलोमीटरला १ पैसा धरली तर शिल्लक किलोमीटरला फक्त १० रुपयांनी घटते. दोन्ही रेषा एका आलेखावर काढल्या की त्या ६३ किलोमीटरच्या आसपास एकमेकींना छेदतात. त्याच्या अलीकडे भाजी परवडते, पलीकडे भात. उदाहरणात भाव किंवा वाहतूक बदलून छेदबिंदू कुठे सरकतो ते पाहायला मुलांना आवडते. सातवी-आठवीच्या रेषीय आलेखाला याहून चांगले निमित्त क्वचितच मिळते.

मग मानपाड्याला भाजीचे कडे का नव्हते? तिथे भातच का होता?

थ्यूननच्या राज्यात जमीन सगळीकडे सारखी होती. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि आठ महिने पडत नाही. पावसाळ्यात खाचरात पाणी उभे राहते. त्यात भाताशिवाय काही तग धरत नाही, कारण भाताच्या खोडातल्या पोकळ ऊतीतून हवा मुळांपर्यंत पोचते आणि इतर पिकांची मुळे पाण्यात गुदमरतात. पावसाळा संपला की पाणीच नसते. भाजीला उन्हाळी पाणी हवे आणि ते इथे शेतासाठी कधी आलेच नाही. तानसा तलाव १८९२ साली पूर्ण झाला तो मुंबईसाठी. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून आज मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा येतो. बारवी धरण औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना पाणी देते. धरणांच्या शेजारच्या शहापुरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात, हे तिथल्या शाळेतल्या मुलांना आपण सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट रेल्वेची. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली. १८६५ साली थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, रूळ इगतपुरीला पोचले. अंतर किलोमीटरमध्ये तेवढेच राहिले, तासांमध्ये मात्र आकसले. पुढे ट्रक आले. आता कसारा घाटातून नाशिककडचा आणि माळशेज घाटातून जुन्नर-ओतूरकडचा बागायती माल रात्री निघून पहाटे कल्याणच्या बाजारात उतरतो. दीडशे किलोमीटरवरच्या, पण कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावरच्या मळ्याने मानपाड्याच्या कोरडवाहू खाचराला मागे टाकले. आपल्या आलेखात भाजीची रेषा जवळजवळ आडवी झाली म्हणा ना.

आणि तिसरी रेषा घरांची. ती आलेखाच्या कागदावर मावतच नाही. कल्याण-शीळ रस्त्याभोवतीची सत्तावीस गावे १९८३ साली महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली, २०१५ साली पुन्हा आत गेली. ओढाताण सेवांची आणि करांची होती तशीच जमिनीचीही होती. जमीन विकणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. चौथ्या मजल्यावर राहून 'शेत विकू नका' असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. एवढेच म्हणता येईल की हा बदल एकाच दिशेने होतो. भाजीच्या जागी भात येऊ शकतो, भाताच्या जागी भाजी. सिमेंट-काँक्रीटखालच्या मातीतून पुन्हा खाचर काढलेले आम्ही तरी पाहिलेले नाही. म्हणून जी शेती अजून उभी आहे तिचे काय चालले आहे, हे आता पाहू.

भेंडी थांबत नाही

मुरबाड-शहापूर भागात जिथे पाण्याची थोडी सोय आहे तिथे भातकापणीनंतर भेंडी, काकडी, कारली, मिरची केली जाते. भेंडीला तर परदेशातही मागणी असते. भेंडीचे फळ एक-दोन दिवसांआड तोडावेच लागते. तोड चुकली तर फळ जून होते, त्यात तंतू वाढतात आणि ते कोणी घेत नाही. तोडल्यावरही फळ जिवंत असते. ते श्वास घेते, साठवलेली साखर जाळते, उष्णता बाहेर टाकते आणि पाणी गमावते. तापमान दहा अंशांनी वाढले की या क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. पालेभाजीने आपल्या वजनाच्या तीन ते पाच टक्के पाणी गमावले तरी ती मलूल दिसू लागते आणि तिचा भाव पडतो.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. सकाळी मेथीच्या सारख्या वजनाच्या तीन जुड्या आणा. एक उन्हात ठेवा, एक सावलीत, एक सावलीत ओल्या गोणपाटाखाली. दर तासाला वजन करा. तिसऱ्या जुडीचे गोणपाटातून लागलेले पाणी वजन करण्याआधी झटकून टाका, नाहीतर तिचे वजन वाढलेले दिसेल आणि मुले चक्रावतील. दुपारपर्यंत तिन्ही जुड्यांच्या वजनांचा आलेख काढा आणि मुलांना विचारा: यातली कुठली जुडी घेऊन तुम्ही बाजारात भावासाठी घासाघीस कराल?

शेती-विपणनाचे मर्म बरेचसे या प्रश्नात आहे. विकणारा थांबू शकत नाही, घेणारा थांबू शकतो. ट्रक पहाटे उभा राहिला की शेतकऱ्यासमोर दोनच पर्याय असतात: मिळेल तो भाव घेणे किंवा माल परत नेणे. परत नेण्याचे भाडे पुन्हा त्याच्याच अंगावर.

ही दुबळी बाजू सावरण्यासाठीच नियंत्रित बाजाराची कल्पना निघाली. वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारांसाठी १८९७ साली कायदा झाला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने असे बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली. आज ज्या कायद्याखाली महाराष्ट्रातल्या कृषी उत्पन्न बाजार समित्या चालतात तो १९६३ चा. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरे; शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव काय पुकारला गेला हेही कळत नसे. उघडा लिलाव, तपासलेला वजनकाटा, त्याच दिवशी पैसे आणि हिशेबाची लेखी पट्टी ही त्या कायद्याची खरी कमाई. कालांतराने त्यात परवान्यांची मक्तेदारी आली, गाळ्यांचे राजकारण आले. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे ठरवले.

मग शेतकऱ्याला किती मिळते? रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यास-निबंधांत ग्राहकाने दिलेल्या एका रुपयातला शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे असा काढलेला आहे. सहकारी दूध संघांत हा वाटा बराच जास्त असतो. गुजरातचा अमूल तो ८० पैशांच्या आसपास सांगतो. दूध तर भेंडीहून लवकर नासते. फरक पडतो तो गावातच थंड करण्याची सोय, रोजचे ठरलेले संकलन आणि मोजमापाची खात्री यांमुळे.

उरलेले ६०-६५ पैसे सगळे दलालाच्या खिशात जातात असे मात्र समजू नये. त्यात भाडे आहे, हमाली-तोलाई आहे, किरकोळ विक्रेत्याच्या टोपलीत संध्याकाळी सडून उरणारी भाजी आहे. आडत्या बियाण्या-खतासाठी आगाऊ उचलही देतो, जी बँक सहसा वेळेवर देत नाही. अडचण उचलीची नसते. उचल घेतल्यावर माल त्याच गाळ्यावर घालावा लागतो, ही असते.

थेट विक्रीचे प्रयत्नही झाले. राज्याच्या कृषी पणन मंडळाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. कल्पना चांगली आहे, पण जो शेतकरी दिवसभर बाजारात बसतो तो त्या दिवशी शेतात नसतो. आळीपाळीने विक्रीला जाणारा गट असेल तरच ते जमते. 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' नावाची विटा, वाळू आणि पाण्याची एक साधी रचना दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात तयार झाली. दुहेरी विटांच्या भिंतींमधली वाळू ओली ठेवायची, बाष्पीभवनाने आतली हवा गार होते. कोकणच्या दमट पावसाळ्यात ती जवळजवळ निरुपयोगी आहे, हे आपण मुलांना बाष्पीभवनाच्या धड्यातूनच सांगू शकतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मात्र ती शाळेच्या आवारातही बांधून पाहता येईल.

थेट विक्रीचे सर्वांत जुने उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर असते. पावसाच्या तोंडावर कसारा आणि कर्जतच्या गाड्यांतून आदिवासी बायका शेवळे, काकडं, टाकळा, करटोली घेऊन कल्याण, डोंबिवली, ठाणे स्टेशनबाहेर बसतात. त्यांचे माप किलो नसते, वाटा असतो. "मावशी, वाटा कसा?" असे विचारून आपण जे पैसे देतो ते पूर्ण त्यांच्या हातात पडतात. वाहतूक लोकलने, गाळा फुटपाथवर, आणि माल रानातला. जोवर रान आहे तोवरच हे चालणार.

पेंढा जातो, शेण येत नाही

इथवर आपण पैशाचा हिशेब केला. आता मातीचा करू. बाजारात भावाचा फलक असतो, मातीचा नसतो.

एक टन भात पिकताना धान्य आणि पेंढा मिळून जमिनीतून सुमारे १५ ते २० किलो नायट्रोजन, २ ते ३ किलो फॉस्फरस आणि १५ ते २० किलो पोटॅशियम उचलले जाते. यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस बराचसा दाण्यात असतो. पोटॅशियम बहुतेक सगळे पेंढ्यात. दाणे बाजारात गेले आणि पेंढा शेतावरच्या गुरांनी खाल्ला, तर पोटॅशियम शेणातून पुन्हा शेतात येते. पेंढ्याचे भारे टेम्पोत भरून कल्याणच्या, मुंबईच्या तबेल्यांकडे गेले की तेही गेले. पेंढा विकून हाती लागलेले पैसे खरे असतात. त्याबरोबर गेलेल्या पोटॅशची पट्टी कोणी देत नाही.

तबेल्यात काय होते? एक म्हैस दिवसाला १५ किलोच्या आसपास शेण टाकते. ताज्या शेणात शेकडा ०.३ ते ०.४ भाग नायट्रोजन असतो. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास, वर्षाला १९ किलोच्या आसपास. गंमत पाहा: एका म्हशीच्या वर्षभराच्या शेणातला नायट्रोजन जवळजवळ एका एकरातल्या एक टन भाताच्या गरजेइतका भरतो. तो सगळा पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही, काही हवेत उडून जातो, तरी हिशेब डोळे उघडणारा आहे. आणि शहरातल्या तबेल्यांचे शेण मोठ्या प्रमाणावर गटारांतून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. शेतात जे खत असते ते पाण्यात गेले की प्रदूषण होते. पदार्थ तोच, जागा चुकली.

मग शेतकरी हे शेण परत का नेत नाही? आळशी आहे म्हणून नव्हे. पुन्हा थ्यूननचाच आलेख घ्या. १९ किलो नायट्रोजनसाठी साडेपाच टन ताजे शेण वाहावे लागेल आणि त्यात पाचात चार भाग पाणीच असेल. तेवढाच नायट्रोजन सुमारे ४१ किलो युरियात मिळतो, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीहूनही कमी. आणि अनुदानामुळे ती गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. साडेपाच टन शेणाचा टेम्पो त्या पैशात शिळफाट्यापर्यंतही जाणार नाही. जड आणि स्वस्त वस्तू दूर जात नाही, हा नियम भाजीला लागू आहे तसाच खताला. युरियात मात्र सेंद्रिय कर्ब नाही, पोटॅश नाही, जस्त नाही. पैशाच्या हिशेबात दोन्ही नायट्रोजन सारखेच दिसतात, मातीच्या हिशेबात दिसत नाहीत.

थ्यूननच्या काळी शहराला लागून असलेले भाजीचे कडे ज्या कारणांनी टिकले त्यांत शहरातून मिळणारे खत हेही एक होते. भाजी घेऊन गेलेली गाडी लीद आणि शेण घेऊन परत येई. आपल्याकडेही सोनखताचा वापर होता. आता कल्याणच्या आधारवाडीच्या कचराभूमीत वर्षानुवर्षे साचत गेलेल्या डोंगरात शेतातून आलेलाच माल किती होता, याचा विचार करून पाहावा. ती कचराभूमी २०२१ मध्ये बंद झाली. भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे अन्न हे सगळे कुठल्या तरी खाचरातून, मळ्यातून उचललेले नायट्रोजन आणि पोटॅशच होते.

ठाणे-रायगडच्या शेतकऱ्याने ही भर पूर्वी रानातून काढली. पावसाआधी ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेणी एकावर एक रचून रोपवाटिकेच्या जागेवर जाळायच्या, यालाच राब भाजणे म्हणतात. उष्णतेने तणांचे बी मरते, राखेतून पोटॅश मिळते, माती भुसभुशीत होते. त्यासाठी झाडे सवळावी लागतात. १८८० च्या दशकात ब्रिटिश सरकारने जंगले राखीव केली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबावरून इतका असंतोष झाला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राब चांगला की वाईट, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र रान विरळ झाले तिथे तो वाद आपोआप संपतो, कारण भाजायला काही उरत नाही.

आज खाचरासाठी टिकाऊ म्हणता येईल असे जे काही दिसते त्यात वाहून आणण्याचा भाग कमीत कमी असतो, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पहिले उदाहरण वालाचे. भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर, वर पाणी न देता, वाल येतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. टेम्पोचे भाडे नाही. वर्गात दाखवायला वालाचे किंवा चवळीचे एक रोप माती न झटकता, पाण्यात भिजवून उपटावे आणि एखादी गाठ ब्लेडने कापावी. आत गुलाबी रंग दिसला तर गाठ कामावर आहे असे समजावे. शिवाय वाळलेला वाल हलका, टिकाऊ आणि भातापेक्षा कितीतरी महाग. तो लांब जाऊ शकतो आणि भावासाठी थांबूही शकतो. भेंडीची नेमकी उलटी बाजू.

दुसरे उदाहरण नेरळच्या सगुणा बागेतले. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथे विकसित केलेल्या भात लागवडीच्या तंत्रात चिखलणी आणि लावणी नसते. एकदा गादीवाफे केले की ते मोडायचे नाहीत, त्यांवरच बी टोकायचे, आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. त्यामुळे कर्ब मातीत राहतो, गांडुळे वाढतात, मजुरी वाचते. नंतर त्याच वाफ्यांवर वाल, चवळी, हरभरा घेता येतो. यात तणनाशकाचा वापर होतो, आणि त्याबद्दल आक्षेप आहेत. ते आम्हाला रास्त वाटतात. तरी लावणीला माणूस मिळत नाही म्हणून खाचर पडीक राहणे किंवा विकले जाणे यापेक्षा हे बरे, असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणेही समजून घ्यावे लागते.

वालाची अडचण मातीत नाही, गावात आहे. भात कापला की गुरे मोकळी सुटतात. एकट्याने वाल पेरला तर तो शेजाऱ्याच्या गुरांना पेरल्यासारखे होते. सगळ्या शिवाराने मिळून पेरायचे ठरवले तरच राखण परवडते. आणि शिवारातले निम्मे मालक आता डोंबिवलीत राहात असतील, जमीन नुसती धरून ठेवली असेल, तर ठरवणार कोण? त्यामुळे मानपाड्याला जे घडले ते मुरबाडच्या वाटेवरही एका अर्थाने आधीच सुरू होते: इमारत येण्याच्या कितीतरी आधी जमीन शेती म्हणून थांबते.

भाताला सरकारचा आधारभाव आहे. २०२५-२६ साठी साधारण भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये. शहापूरसारख्या भागात १९७२ साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ भाताची खरेदी करते. केंद्र वेळेवर उघडले तर तो भाव मिळतो. उशीर झाला तर देणी थांबत नाहीत आणि भात कमी भावाने व्यापाऱ्याकडे जातो. धान्य टिकते, धान्याचा मालक टिकतोच असे नाही.

आठवी-नववीच्या मुलांकडून एक काम करून घेता येईल. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी बाजाराची एखादी जुनी पट्टी आणावी, नाव झाकून. एकूण रक्कम, भाडे, हमाली, तोलाई आणि हातात पडलेली रक्कम असे रकाने करावेत. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी त्याच भाजीचा त्या महिन्यातला किरकोळ भाव घरच्या माणसांना विचारून लिहावा. शक्य असेल तर एका पहाटे मोठ्या मुलांना घेऊन जवळच्या घाऊक बाजारात जावे आणि फाटकाशी उभे राहून आत येणाऱ्या पंचवीस-तीस गाड्यांची नोंद करावी: कुठून आली, काय घेऊन आली, किती तास लागले. मग तिथेच थोडे थांबून त्याच गाड्या परत जाताना पाहाव्यात. शेवटचा रकाना 'परत जाताना गाडीत काय होते' असा ठेवावा. बहुतेक ओळींपुढे रिकामी क्रेट किंवा 'काही नाही' असेच लिहावे लागेल. तेही लिहावे.